‘गंमत केली’ म्हणतात, तेव्हा काय करायचं?

गेल्या अंकात आम्ही रंगावरून, चेहऱ्यावरून, उच्चारांवरून ऐकाव्या लागणाऱ्या बोलण्याबद्दल प्रश्न मागवले होते. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उत्तरं कामगार कायदा, फौजदारी कायदा आणि समुपदेशन या क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी लेस्टरमध्ये एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात तीन वर्षं काम करतो. मीटिंगमध्ये मी बोललो की एक सहकारी माझ्या उच्चारांची नक्कल करत तेच वाक्य परत म्हणतो आणि हशा होतो. मी डबा उघडला की तो खिडकी उघडतो. मॅनेजरला सांगितलं तर ‘इट्स जस्ट बँटर’, म्हणजे नुसती गंमत, एवढंच उत्तर मिळालं. गेल्या महिन्यापासून क्लायंटचे फोनही माझ्याकडून काढून त्याला दिले आहेत. व्हिसा कंपनीच्या हातात आहे म्हणून गप्प बसलो आहे. चुकतंय का?

गप्प बसण्यात चूक नाही, पण काहीच लिहून न ठेवता गप्प बसलात तर ते महागात पडेल. आधी कायद्याचं बघू. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात ‘वंश’ या शब्दाखाली रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ असं सगळं येतं. एखाद्याचा मान जाईल किंवा त्याच्याभोवती अपमानाचं वातावरण तयार होईल असं वागणं वंशाशी जोडलेलं असेल तर तो छळ. समोरच्याचा तसा हेतू होता हे सिद्ध करावं लागत नाही, परिणाम पुरतो. तुम्हाला तसं वाटणं रास्त होतं का, एवढं मात्र तपासलं जातं. उच्चारांवरून बोलणंही यात बसू शकतं, हे तिथल्या रोजगार अपील न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘बँटर’ म्हणून मॅनेजरची सुटका होत नाही.

आता वही. घरी, स्वतःची, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. त्याच संध्याकाळी लिहायचं: तारीख, वेळ, खोली, नेमके शब्द जसे उच्चारले तसे, कोण कोण होतं, तुम्ही काय म्हणालात. नोंद अशी दिसली पाहिजे: ‘मंगळवार, सकाळी १०.२०, तिसऱ्या मजल्यावरची मीटिंग. मी “इन्व्हॉइस” म्हणालो. त्याने तो शब्द माझ्या आवाजात तीनदा म्हटला. दोघं हसले. कोपऱ्यात बसलेली सहकारी हसली नाही, तिने मान खाली घातली.’ ही मान खाली घालणारी बाई पुढे तुमची साक्षीदार होऊ शकते, आणि सहा महिन्यांनी ती त्या खोलीत होती की नव्हती हे तुम्हाला आठवणार नाही. ‘तो नेहमीच अपमान करतो’ अशा वाक्याचा चौकशीत काही उपयोग होत नाही.

वही भरताना एक चूक हमखास होते. पुरावा म्हणून लोक ऑफिसचे ईमेल स्वतःच्या जीमेलवर पाठवतात आणि मग गोपनीयतेचा भंग म्हणून उलट त्यांच्यावरच कारवाई होते. त्याची गरज नाही. तुमच्याबद्दलची माहिती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. लेखी अर्ज केला की कंपनीने एका महिन्यात ती विनामूल्य द्यायची असते (प्रकरण किचकट असेल तर आणखी दोन महिने मागू शकतात). त्या अर्जात काळ आणि नावं नेमकी द्या: अमुक ते अमुक तारखेदरम्यान या तिघांनी माझ्याबद्दल लिहिलेले ईमेल आणि चॅट.

त्या सहकाऱ्याला एकदा तोंडावर सांगा. दोन वाक्यं पुरतात: ‘प्लीज डोन्ट कॉपी माय ॲक्सेंट. आय डोन्ट फाइंड इट फनी.’ मग पुढचा मुद्दा. कारणं द्यायची नाहीत, भारतात किती भाषा आहेत ते समजावायचं नाही, आणि त्याच्या उच्चारांची नक्कल तर अजिबात करायची नाही. टाळी मिळते, पण चौकशीत ‘दोघंही एकमेकांची चेष्टा करायचे’ असं लिहून येतं.

आम्हाला डबा आणि नक्कल यांपेक्षा क्लायंटचे फोन काढले ही गोष्ट जास्त वजनाची वाटते, कारण तिथे कामाचं नुकसान आहे. मॅनेजरला साधा ईमेल करा: या तारखेपासून हे फोन माझ्याकडून काढले आहेत, कारण कळेल का? सूर हिशेब विचारतानाचा ठेवा. ‘क्लायंटना तुमचं बोलणं समजत नाही’ असं उत्तर आलं तर कोणत्या क्लायंटने, कधी तक्रार केली ते विचारा. उत्तर आलंच नाही तर तेही कामाचं. भेदभाव झाला असावा असं दाखवणाऱ्या गोष्टी तुम्ही मांडल्यात, की तो झाला नाही हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर येते.

यानंतर लेखी तक्रार, तिकडच्या भाषेत ग्रीव्हन्स. दीड पान, फार तर दोन. प्रत्येक प्रसंगाला तारीख, दोन-तीन ओळी, साक्षीदार. शेवटी तुम्हाला काय हवं आहे ते. हे शेवटचं लोक विसरतात. नक्कल थांबावी, फोन परत मिळावेत, मॅनेजरने तक्रार नोंदवली का नाही याचा खुलासा व्हावा, असं स्पष्ट मागा. ‘तो वंशवादी आहे’ असं लिहू नका; त्याने काय केलं ते लिहा, नाव चौकशी करणाऱ्याला देऊ दे. सुनावणीला सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी सोबत नेता येतो. बायको किंवा वकील नेण्याचा हक्क मात्र नाही. युनियनचे सभासद नसाल तर आजच व्हा, कारण सभासद होण्याआधी सुरू झालेल्या भांडणात बहुतेक युनियन वकील देत नाहीत. ग्रीव्हन्सची पायरी सोडून थेट रोजगार न्यायाधिकरणात गेलात तर जिंकूनही भरपाई २५ टक्क्यांपर्यंत कापली जाऊ शकते.

आणि आता सगळ्यात जास्त माणसं जिथे अडकतात ती जागा. न्यायाधिकरणात जाण्याची मुदत घटनेपासून तीन महिने वजा एक दिवस अशी धरून चाला. ती वाढवून सहा महिने करण्याचा बदल ठरला आहे, पण तुमच्या घटनेच्या तारखेला कोणता नियम लागू आहे ते अकास या सरकारी सलोखा संस्थेकडे विचारून घ्या (०३०० १२३ ११००). कंपनीची अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. एचआर ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ म्हणत राहतं, माणूस सभ्यपणे वाट बघतो, आणि मुदत उलटते. मुदत थांबते ती अकासकडे सलोख्यासाठी नोंद केल्यावर. ती नोंद केल्याशिवाय दावा दाखलच होत नाही. नोंद विनामूल्य आहे, आणि २०१७ पासून दाव्यालाही फी नाही. फोन काढल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, त्यापुढे अडीच महिन्यांवर लाल खूण करा.

राहिला व्हिसा. तक्रार केल्याने व्हिसाला बाधा येत नाही आणि तक्रारीचा राग काढणं हा त्याच कायद्याखाली वेगळा गुन्हा नसला तरी वेगळा दावा आहे. तरीही भीती खोटी नाही: स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधावा लागतो. म्हणून वही चालू ठेवतानाच व्हिसा प्रायोजित करायचा परवाना असलेल्या कंपन्यांत अर्ज सुरू करा. याला पळ काढणं म्हणू नका. हातात दुसरी नोकरी असलेल्या माणसाचं तक्रारीचं पत्र वेगळंच उतरतं.

प्रश्न : मुलीकडे लंडनला आले आहे. भुयारी रेल्वेत नातवाला घेऊन मराठीत फोनवर बोलत होते तर एक माणूस अंगावर येऊन ‘स्पीक इंग्लिश ऑर गो होम’ म्हणून ओरडला. मी पुढच्या स्टेशनला उतरले. मुलगी म्हणते उलट बोलायला हवं होतं. मी घाबरट आहे का?

काकू, अजिबात नाही. कडेवर मूल, माणूस अंगावर आलेला, डबा बंद: यात उतरणं हाच शहाणपणा. अशा वेळी पाहायचं ते एवढंच की तो एकटा आहे का, प्यायलेला वाटतो का, दार कुठे आहे. उत्तर द्यावंसं वाटलं तरी त्याला देऊ नका. शेजारच्या बाईकडे वळून ‘कॅन आय सिट विथ यू?’ विचारा. ओरडणाऱ्याला प्रेक्षक हवा असतो आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याशी बोलायला लागलात की बहुतेकदा जोर उतरतो.

उतरल्यावर मात्र काम आहे. रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर एसएमएस करता येतो. मारहाणीची भीती असेल तर थेट ९९९. मेसेजमध्ये लाइन, दिशा, वेळ, कोणत्या स्टेशनांच्या मधे, पुढून कितवा डबा, आणि कपडे. चेहरा लक्षात राहत नाही, बूट आणि जॅकेट राहतं. शक्यतो त्याच दिवशी कळवा, कारण कॅमेऱ्यांचं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जातं. तुम्ही पाहुण्या व्हिसावर आहात याने फरक पडत नाही. पुराव्याचीही अट नाही: १९९३ मध्ये लंडनमध्ये झालेल्या स्टीव्हन लॉरेन्सच्या खुनानंतर १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवाल आला, आणि तेव्हापासून पीडिताला किंवा पाहणाऱ्या कुणालाही घटना वंशद्वेषी वाटली तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची, असा तिथला दंडक आहे. म्हणजे फक्त पाहिलेला प्रवासीही तक्रार करू शकतो.

मुलीला हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दोन मुलं ‘तुझं अंग मातीने माखलंय’ म्हणतात, तिच्या पोळीभाजीला नाक दाबतात. आता ती डबा तसाच परत आणते आणि हात साबणाने घासत बसते. नवरा म्हणतो, मुलं आहेत, सोडून दे.

हात घासणं हे सोडून देण्यासारखं लक्षण नाही. आधी मुलगी, मग शाळा.

तिला एका बैठकीत सगळं विचारू नका. गाडीत, शेजारी बसून, समोर बघत बोललं की मुलं जास्त सांगतात. ‘तू पण त्यांना बोल’ किंवा ‘आपला रंग किती छान’ या दोन्ही वाक्यांची घाई नको. पहिल्याने तिच्यावर काम पडतं, दुसऱ्याने असं वाटतं की रंग हाच चर्चेचा विषय आहे. ‘त्यांनी चुकीचं केलं, तुझं काही चुकलं नाही, आणि हे थांबवायचं काम मोठ्यांचं आहे’ एवढं सांगा. डब्यात पोळीभाजीऐवजी सँडविच द्यायचं का? ती मागत असेल तर द्या, पण तुम्ही आपणहून बदलू नका. तिला त्याचा अर्थ बरोबर कळेल.

शाळेच्या बाबतीत तुमचं राज्य कडक आहे. २०११ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत छळविरोधी तज्ज्ञ नेमलेला असतो. पालकांसाठी ‘एचआयबी ३३८’ नावाचा फॉर्म आहे, तो भरा. वर्गशिक्षिकेशी दारात बोललात तर ते बोलणं हवेत जातं. कर्मचाऱ्याने पाहिलं किंवा ऐकलं तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं आणि दोन शालेय दिवसांत लेखी द्यायचं, अशी सक्ती आहे. चौकशी एका शालेय दिवसात सुरू आणि लेखी अहवालापासून दहा शालेय दिवसांत पूर्ण. निष्कर्ष पटला नाही तर शिक्षण मंडळापुढे सुनावणी मागता येते. फॉर्ममध्ये ‘बुलिंग’ हा शब्द एकदा आला तरी पुरे. जागा खर्च करा ती नेमक्या शब्दांवर, आणि परिणामांवर: किती दिवस डबा परत आला, हात किती वेळ धुतले जातात. वंश आणि रंग यांचा उल्लेख स्पष्ट करा, नाहीतर शाळा त्याला ‘मुलांमधला वाद’ असं नाव देते आणि ‘वाद’ ठरला की हा कायदाच लागत नाही.

हात सोलेपर्यंत धुणं चालू राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांची नोंद शाळेच्या फाइलमध्येही उपयोगी पडते.

प्रश्न : पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. रूममेट मणिपूरची. कोपऱ्यावरची टपोरी पोरं तिला ‘चिंकी’, ‘मोमो’ म्हणतात. परवा एकाने तिचा रस्ता अडवून बॅग ओढली. चौकीत गेलो तर म्हणाले, एनसी करून टाकतो. वर्गातही तिला कोणी ग्रुपमध्ये घेत नाही. मी मराठी आहे, माझा काय उपयोग होईल?

तुझा उपयोग फार मोठा आहे, आणि तो चौकीतल्या त्या एका कागदावर आहे.

वंशावरून शिवी देणं असा वेगळा गुन्हा आपल्याकडे नाही. २०१४ मध्ये दिल्लीत निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला केसांवरून चिडवण्यातून भांडण झालं, मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतरच्या बेजबरुआ समितीने वेगळ्या कलमाची शिफारस केली होती. ते जुन्या दंडविधानात आलं नाही आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंशावरून खून किंवा गंभीर दुखापत केली तर संहितेत वेगळी तरतूद आहे, पण एकाला दिलेल्या शिवीसाठी नाही. त्यामुळे नुसती शिवी सांगितली की चौकीत अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी होते आणि तपास होत नाही.

पण तिच्याबाबत नुसती शिवी झालेली नाही. रस्ता अडवणं हे न्याय संहितेचं कलम १२६, बाईला उद्देशून लज्जा उत्पन्न होईल असं बोलणं किंवा हावभाव हे ७९. दोन्ही दखलपात्र, म्हणजे एफआयआर. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे कारण देऊन परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात नोंद घ्यावी लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते.

आता तुझं काम. जबाब मराठीत लिहिला जातो, ती तो वाचू शकत नाही. अंमलदाराच्या हाताला एक वाक्य बसलेलं असतं: ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली.’ त्या एका वाक्यात सगळा वंशद्वेष गायब होतो. उरतं ते गल्लीतलं भांडण. म्हणून सहीआधी तो कागद तिला ओळ न ओळ वाचून दाखव आणि ‘चिंकी’ हा शब्द, तो कितव्यांदा, बॅग कोणत्या हाताने ओढली, हे अवतरणात लिहायला लाव. आवाज चढवू नकोस. ‘साहेब, एवढा शब्द घाला, मग सही करते’ असं म्हण आणि बसून राहा. नाहीच घेतली तक्रार तर तोच मजकूर पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढची पायरी न्यायदंडाधिकारी. फुकट वकिलासाठी १५१००, तातडीला ११२.

व्हिडिओ असेल तर मूळ फोनमधली मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरवलेली प्रत दाबली जाते आणि तिची तारीख-वेळ जाते. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ फोन हाताशी असलेला बरा.

वर्गाचं वेगळं आहे, आणि हे कॉलेजांनाही नीट माहीत नसतं: यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. वंश, रंग, प्रांत, भाषा यांवरून विद्यार्थ्याला त्रास देणं किंवा वगळणं हेही आता रॅगिंग आहे, मग ती पहिल्या वर्षाला असो वा शेवटच्या. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. पण त्याआधी पुढच्या असाइनमेंटला तू तिला तुझ्या ग्रुपमध्ये घे. आणि प्रत्येक पायरीला तिला विचार. तक्रार तिची आहे, ती नको म्हणाली तर थांब.

प्रश्न : सोसायटीचा सेक्रेटरी आहे. एका सभासदाने फ्लॅट नायजेरियन विद्यार्थ्यांना द्यायचं ठरवलंय. कमिटी म्हणते एनओसी देऊ नका. काय करू?

आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं असतं. तुमच्या सोसायटीने तेच उपविधी स्वीकारले असतील तर एनओसी हा प्रश्नच उरत नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, भाडेकरू कुणीही असो. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा आणि परदेशी भाडेकरू आल्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत व्हायला हवी. ती घरमालकाने करायची असते, तुम्ही आठवण करून द्या. बाकी पार्टी, आवाज, पार्किंग यांचे नियम जे सगळ्यांना तेच त्यांना. वेगळा फलक, वेगळी वही, रात्री दहानंतर फक्त त्यांच्याच पाहुण्यांची चौकशी असं काही सुरू झालं तर ते लेखी थांबवा, तुमच्या सहीने.

प्रश्न : ऑफिसच्या जेवणात मिझोरमच्या सहकाऱ्याला ‘कुत्रं खाता ना तुम्ही’ असं मी हसत म्हणालो. तो गप्प झाला. तेव्हापासून नीट बोलत नाही. माफी कशी मागू?

तीन वाक्यांत. काय बोललात ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारा, ते चुकीचं होतं म्हणा, पुन्हा होणार नाही म्हणा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ यातला ‘तर’ काढा. गंमत होती, ताण होता, माझेही मिझो मित्र आहेत, यातलं काही नको. आधी एकट्याला सांगा. आणि बोललात चार जणांसमोर, तर त्याची हरकत नसेल तेव्हा त्या चौघांसमोरही सांगा. त्याने ‘ठीक आहे’ म्हणावं म्हणून थांबू नका. उद्या त्याच टेबलावर दुसरं कुणी तेच बोललं की ‘नको, हे नको’ म्हणायची पाळी तुमची आहे, आणि ते त्याने नव्हे, तुम्ही म्हणायचं.